लार्च स्ट्रीटवरची पावलं

आर्डिथ स्विस्तुन सव्वीस वर्षं शाळेच्या ऑफिसात बसली, आणि त्या सव्वीस वर्षांत तिने एकाही आईबापाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. कोणी म्हणालं, "आम्ही इथेच, कोपऱ्यावर राहतो, चालतच आलो," की ती काउंटरवरून वाकून आधी त्यांचे बूट बघायची. बाहेर उणे अठ्ठावीस, गुडघाभर बर्फ, आणि यांचे बूट ठणठणीत कोरडे. मग ती लोण्यासारख्या आवाजात विचारायची, "गाडी कुठे लावलीत?" बेसावध माणूस सांगूनही टाकायचा.

ही सगळी भानगड फ्रेंच वर्गाची. विनिपेगच्या आमच्या या टोकाला घरोघरी इंग्रजी. पण शाळेत बालवर्गाची एक तुकडी अशी की पोर आत गेलं की बाई त्याच्याशी फक्त फ्रेंच बोलणार. तहान लागली, फ्रेंच. शू लागली, फ्रेंच. पहिले दोन महिने पोरं रडतात, नाताळपर्यंत फ्रेंचमधून एकमेकांच्या चहाड्या सांगायला लागतात. दोन्ही भाषा आल्या की पुढे सरकारी नोकरी कुठे जात नाही, असं आईबापांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे जागा बावीस आणि उमेदवार साठ. नियम एकच, मूल शाळेच्या हद्दीत राहणारं हवं. त्यातून जो आधी येईल त्याला जागा.

मग काय, जानेवारी उजाडला की हद्दीतल्या एकेका म्हाताऱ्या मावशीकडे अचानक तीन-तीन कुटुंबं राहायला यायची. कागदोपत्री. विजेचं बिल मावशीचं, पत्र मावशीचं, आणि पोर रोज शहराच्या दुसऱ्या टोकाहून गाडीत झोपत येणार. आर्डिथने एकदा एकाच घरात अकरा पोरं राहत असल्याचं शोधून काढलं होतं. त्या घराला खोल्या दोन.

ती शोधायची कशी, हे मात्र शाळेत कोणाला धड माहीत नव्हतं. मुख्याध्यापिका मिसेस डाइक यांची समजूत अशी, की आर्डिथला माणसांची पारख आहे. पारख वगैरे काही नाही. आर्डिथ ताजा बर्फ पडायची वाट बघायची. बर्फ पडला की शनिवारी सकाळी ती नवऱ्याचे जुने बूट घालून, थर्मासमध्ये कॉफी भरून, यादीतल्या संशयित पत्त्यांवरून गाडी फिरवायची. पायऱ्या झाडल्यात का? छपरावरच्या नळीतून वाफ येते का, म्हणजे आत घर तापवायची भट्टी चालू आहे का? इंजिन गोठू नये म्हणून गाडीच्या नाकातून लोंबणारी वायर रात्रभर प्लगला होती का? आणि मुख्य म्हणजे दारापासून रस्त्यापर्यंत लहान पावलं आहेत का? आमच्याकडे सहा महिने बर्फ असतो, आणि बर्फावर कोण आलं, कोण गेलं, सगळं लिहिलेलं राहतं. हे काम तिला कोणी सांगितलं नव्हतं. नियमातही ते कुठे नव्हतं. पण तिने नावापुढे बारीक पेन्सिलीने "राहत नाही" लिहिलं की ते नाव गेलंच.

एवढा संशय माणसात येतो कुठून? आर्डिथचं लहानपण डॉफिनच्या बाजूला शेतावर गेलं. घरी युक्रेनियन, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे ही गप्प. लग्न होऊन ती रॉनबरोबर शहरात आली, डार्सी झाला, आणि तो पाच वर्षांचा झाल्यावर तिने ठरवलं की आपलं पोर कुठे गप्प बसणार नाही, फ्रेंच वर्गातच जाईल. फक्त त्यांचं घर हद्दीबाहेर होतं. तेव्हा तिने बहिणीचा, आयरीनचा, पत्ता दिला. अगदी बिनधास्त, विजेच्या बिलासकट. त्या वेळच्या ऑफिसातल्या बाईंनी मान वर करून बघितलंही नाही. डार्सी शिकला, खाडखाड फ्रेंच बोलायला लागला आणि क्यूबेकला जाऊन तिकडचाच झाला. आता रविवारी फोन येतो, नात पलीकडून फ्रेंचमध्ये काहीतरी लांबलचक सांगते, आणि आर्डिथ तेवढ्याच उत्साहाने "हो का? अरे वा!" म्हणते. तिला स्वतःला कोणी पकडलं नव्हतं, म्हणूनच की काय, पुढे तिला कोणालाच सोडवेना. यावर ती फारसा विचार करत नसे.

तर त्या वर्षीचा नोंदणीचा गुरुवार. एकवीस नावं झाली होती. बाविसाव्या नंबरावर टॅनिस डेजार्ले नावाची पोरगेलीशी बाई पाच वर्षांच्या मुलीचा हात धरून उभी होती. डोक्यावर लोकरीची टोपी, ओठ थंडीने फुटलेले. मुलीचं नाव मेव्हिस.

"मेव्हिस? हे नाव तर आमच्या पिढीचं," आर्डिथ म्हणाली.

"माझ्या मेमेरचं," टॅनिस म्हणाली. म्हणजे आजीचं. "मेमेर फ्रेंचमध्येच बोलायची. आईला त्यातल्या नुसत्या शिव्या येतात. मला तर त्याही येत नाहीत. म्हटलं, हिच्यापासून तरी परत सुरुवात करू."

उत्तर चांगलं होतं. चांगलं उत्तर आलं की आर्डिथचे कान टवकारत. तिने फॉर्म पुढे ओढला. पत्ता: ४१८ लार्च स्ट्रीट, तळघर. आधीचा पत्ता: कोरा. वडिलांचं नाव: कोरं. फोन: कोरा.

"हे रिकामं का ठेवलंत?"

"लिहायलाच हवं का?"

"विचारलंय म्हणजे लिहायला हवं."

टॅनिसने दाराकडे बघितलं. "फोन नवा घ्यायचाय. बाकीचं... मला वाटलं, मूल कुठे राहतं तेवढंच तुम्हाला लागतं."

"आणि घर कोणाचं?"

"मिस्टर थोर्लाक्सनचं. हे त्यांचं पत्र."

पत्र पेन्सिलीने, कर्लिंग क्लबच्या कागदावर खरडलेलं. थोर्लाक्सनला आर्डिथ वीस वर्षं ओळखत होती. क्लबात बर्फावर दगड सरकवताना कोणी जोरात शिंकलं तरी चिडणारा म्हातारा. त्याने जन्मात मांजर पाळलं नाही, तो तळघरात पोर ठेवून घेणार? "त्यांना फोन करते मी," ती म्हणाली.

"ते गिमलीला बहिणीकडे गेलेत. फेब्रुवारीत येतील."

अगदी सोयीचं, आर्डिथ मनात म्हणाली. त्या दोघी बाहेर पडल्यावर तिने खिडकीतून बघितलं, तर टॅनिस फाटकापाशी थांबून रस्त्याच्या दोन्ही बाजू न्याहाळत होती, आणि मग मुलीला जवळजवळ ओढतच निघाली. घाई कसली एवढी? खऱ्या माणसाला घाई नसते.

त्या जागेवर टपलेलं तेविसावं नाव पेनरचं होतं. डेंटिस्ट, स्वतःचं घर, सगळे कागद टाइप केलेले. संध्याकाळपर्यंत त्याचे तीन फोन आले. "कोणी गळलं का हो, मिसेस स्विस्तुन?"

"सोमवारी बारा वाजता यादी बोर्डाकडे जाते. तोपर्यंत धीर धरा," आर्डिथ म्हणाली. डेंटिस्टने दुसऱ्याला सांगायचं वाक्य आपण त्याला सांगितलं, याची तिला मजा वाटली.

शुक्रवारी दिवसभर आणि शनिवारी पहाटेपर्यंत बर्फ पडला. पिठासारखा, कोरडा, लाथ मारली तर उडणारा. दहा वाजता आर्डिथची गाडी लार्च स्ट्रीटवर उभी होती.

४१८ च्या पुढच्या पायऱ्यांवर एक ओरखडा नव्हता. म्हातारा खरंच गावाला गेलेला. पण तळघराला जायचं दार बाजूला, कुंपण आणि भिंत यांच्या बोळात. तिथून रस्त्यापर्यंत पावलांची एक रांग आली होती, दारातून बाहेर. मोठ्या माणसाची, एकाच माणसाची. आर्डिथने पाच मिनिटं गाडीतूनच बघितलं, मग इंजिन चालू ठेवून उतरली. रॉनचे बूट तिला दोन मापं मोठे, आत दोन-दोन मोजे. त्या रांगेला धक्का न लावता, कुंपणाच्या कडेने ती दारापर्यंत गेली आणि उभी राहिली.

आत काही आवाज नाही. टीव्ही नाही, पाय आपटणं नाही. खिडकीला आतून चादर लावलेली. शनिवारी सकाळी दहा वाजता पाच वर्षांचं पोर घरात असेल तर ते घर एवढं शांत नसतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग हिशेब सरळ होता. बाहेर गेलं ते एक मोठं माणूस. लहान पाऊल बाहेर गेलेलं नाही, आणि आत पोर नाही. म्हणजे पोर इथे राहतच नाही. पोरीला आजीबिजीकडे ठेवून ही बया इथे एकटी राहते, किंवा तीही नाही, भलतंच कोणीतरी राहतं.

"धरली," आर्डिथ स्वतःशी म्हणाली, आणि गाडीत बसून यादीत बाविसाव्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलं: राहत नाही. रविवारी तिने बटाटा भरून पेरोगी उकडल्या आणि क्यूबेकच्या फोनवर "अरे वा!" म्हणाली. छान झोप लागली तिला.

सोमवारी अकराच्या सुमारास ती ऑफिसात यादी स्वच्छ अक्षरात उतरवत होती. एकवीस नावं झाली. बाविसावं पेनर, असं लिहायला तिने पेन टेकवलं आणि सवयीने खिडकीबाहेर नजर टाकली.

पोरं मागच्या फाटकाने येतात, त्यामुळे पुढचं मैदान अजून कोणी तुडवलं नव्हतं, साफही केलं नव्हतं. त्या पांढऱ्या मैदानातून टॅनिस डेजार्ले वाकून, बर्फ तुडवत येत होती. आणि तिच्या मागे मेव्हिस. मेव्हिसच्या गुडघ्याच्या वरपर्यंत बर्फ होता, म्हणून ती चालत नव्हती, उड्या मारत होती. आईने पाय उचलला की त्या खड्ड्यात दोन्ही पाय जुळवून उडी. थांबायचं, आईने पुढचा पाय उचलला की पुन्हा उडी. दोघी फाटकापासून पायऱ्यांपर्यंत आल्या आणि मागे मैदानावर पावलांची रांग राहिली. एकच. मोठ्या माणसाची.

आर्डिथचा हात होता तिथेच थांबला. डॉफिनच्या शेतावर शाळेची बस गाठायला ती स्वतः अशीच जायची. पुढे वडील, त्यांच्या पावलांत मोठी बहीण आयरीन, आयरीनच्या मागे ही. तीन माणसं जायची आणि बर्फात पावलं एकाची. हे तिला माहीत होतं. या मुलखातल्या कोणत्याही शेंबड्या पोराला माहीत असतं. आणि सव्वीस वर्षं बर्फ वाचत फिरणाऱ्या तिला ते एकदाही आठवलं नव्हतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

पण अजून वेळ होता. पेन्सिल तर होती, खोडरबरने दोन शब्द पुसले की झालं. कोणाला कळण्याचं कारण नव्हतं. तिने ते पुसले, कागदावरचा कचरा फुंकला आणि दार उघडायच्या आत चेहऱ्यावर हसू आणलं.

"या, या. तुमचंच नाव लिहीत होते."

"लिहू नका," टॅनिस म्हणाली. "काढा ते. आम्ही चाललोय."

"चाललोय म्हणजे? कुठे?"

"आईकडे. वर उत्तरेला, द पॅसला. दुपारची बस आहे."

"तिथे हा वर्ग आहे?"

"नाही." टॅनिसने मुलीच्या टोपीवर हात ठेवला. "नसला तर नसला."

आर्डिथने पेन खाली ठेवलं. "झालं तरी काय?"

टॅनिसच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिने मेव्हिसला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाली, "त्या फॉर्मवर मी बापाचं नाव लिहिलं नाही ना, ते त्याच्यापायी. नोव्हेंबरमध्ये आम्ही निघून आलो. तो कुठे शोधेल सांगता येत नाही, म्हणून पत्ता कोणाला दिला नाही. फक्त मिस्टर थोर्लाक्सनना माहीत, आणि तुम्हाला. शनिवारी आम्ही कपडे धुवायला गेलो होतो. परत आलो तर बोळात पावलं. पुरुषाचे बूट. दारापर्यंत आली, तिथे उभा राहिला, चांगला वेळ उभा राहिला, बर्फ दाबून घट्ट झाला होता. आणि परत गेला. दार वाजवलं असतं तर मी म्हटलं असतं, कोणीतरी आलं असेल. पण नुसता उभा राहिला."

"मीटर बघायला कोणी—"

"शनिवारी? आणि मीटर पुढच्या भिंतीवर आहे." टॅनिस कोरडं हसली. "तो असंच करतो, बाई. आधी येऊन नुसता उभा राहतो. वाजवतो दुसऱ्या वेळी."

"दोन रात्री आम्ही दाराला खुर्ची लावली," कोपऱ्यातून मेव्हिसने माहिती पुरवली. "माझी खुर्ची. मी उभ्याने जेवले."

टॅनिसने फोन काढला. नंबर नसलेला, नुसत्या फोटोंपुरता उरलेला जुना फोन. "हे बघा. वाटलं तर पोलिसांना दाखवीन म्हणून काढून ठेवला."

फोटोत बुटाचा ठसा होता. कोरड्या बर्फात छापल्यासारखा. टाचेत पाच टोचे, फाशावरच्या पाचासारखे. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाताना पाय घसरू नये म्हणून रॉनने त्या टाचांत पाच-पाच स्क्रू पिळले होते. रॉन जाऊन सहा वर्षं झाली, स्क्रू अजून घट्ट होते. आणि ते बूट या क्षणी काउंटरच्या आतल्या बाजूला, रेडिएटरखालच्या ताटलीत, पाणी गाळत उभे होते.

घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं. काही बोललं नाही तरी चालणार होतं. ही पोरगी बसमध्ये बसली असती, पेनर खूश झाला असता, यादी बिनचूक बोर्डाकडे गेली असती. पेन्शनला दोन वर्षं उरली होती, आणि शाळेची बाई लोकांच्या दाराशी कान लावून उभी राहते हे बाहेर आलं तर पेन्शनची पार्टी कुठली, केकही मिळाला नसता. आणि ही पोरगी जन्मभर समजली असती की तो आला होता. तिच्या मागे उड्या मारत ही दुसरीही.

ती वाकली, उजवा बूट उचलला आणि तळवा वर करून काउंटरवर ठेवला. यादीवर पाणी ठिबकलं.

टॅनिस आधी बुटाकडे बघत राहिली, मग फोनकडे, मग पुन्हा बुटाकडे. तिने बोट लावून स्क्रू मोजले.

"मी होते," आर्डिथ म्हणाली. "नवऱ्याचे बूट आहेत. तो नाही, मी आले होते गं. तू खरंच तिथे राहतेस का ते बघायला."

"बघायला."

"पावलं एकाचीच दिसली. मला वाटलं, पोर नाही. मी तुमचं नाव काढलं होतं. आत्ता तुम्हाला मैदानातून येताना बघितलं तेव्हा कळलं."

टॅनिसचा चेहरा आधी सैल पडला, ती पडेलशी वाटली म्हणून आर्डिथने हात पुढे केला, आणि त्याच क्षणी तो चेहरा घट्ट मिटला. "हात नका लावू," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "दोन रात्री मी सुरी उशाशी घेऊन बसले. तुम्हाला काय हवं होतं ते दार वाजवून विचारता येत नव्हतं?"

"येत होतं."

"मग?"

वाजवलं तर लोक खोटं बोलतात, हे आर्डिथचं सव्वीस वर्षांचं उत्तर तिच्या तोंडापर्यंत आलं आणि तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

"आणि माझ्याआधी किती?" टॅनिसने विचारलं. "किती जणांची नावं अशी काढलीत, नुसती पावलं बघून?"

मागच्या कपाटात सव्वीस वह्या होत्या. आर्डिथने तिकडे बघितलं नाही. "मोजलं नाही कधी," ती म्हणाली.

"मी तुमच्या मुख्याध्यापिकेला सांगणार आहे."

"सांग. आतच आहेत त्या. मी दार उघडून देते." ती खरंच उठली, मोज्यांवरच चालत गेली आणि मिसेस डाइकच्या खोलीचं दार उघडून बाजूला उभी राहिली. आतून मिसेस डाइकने चष्म्यावरून विचारलं, "काय झालं, आर्डिथ?"

टॅनिस जागची हलली नाही. ती काउंटरवरचा ओला कागद वाचत होती. एकवीस नावं, बाविसावी ओळ कोरी. तिने पेन उचललं आणि आर्डिथच्या जागेकडे सरकवलं.

"आधी हे. नाव राहू दे," ती म्हणाली. "तुमच्या हाताने लिहा. कुठे राहते तेही. मी बघत्ये."

आर्डिथ परत आली आणि तिने लिहिलं. मेव्हिस डेजार्ले, लार्च स्ट्रीट, राहते. ओल्या कागदावर शाई थोडी पसरली.

एवढ्या वेळात मेव्हिस खुर्चीवरून उतरून काउंटरपाशी आली होती. टाचा उंचावून ती त्या बुटाच्या पाच स्क्रूंवरून एकेक करत बोट फिरवत होती. मग तिने आर्डिथकडे बघितलं, पायांतल्या मोज्यांपासून वर चष्म्यापर्यंत, आणि आईचा कोट ओढला.

"म्हणजे तो नव्हता? ही बाईच होती?"

"हो, बाईच होती."

"मग आता खुर्ची काढायची ना?"

टॅनिसने आर्डिथच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ, आर्डिथ लोकांकडे बघायची तसंच.

"काढू," ती म्हणाली. "पण आजच्या दिवस राहू दे."